बाईंचा समोरचा दात

शाळेत शिक्षिका बऱ्याच होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा उभा राहायचा. ती ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा होती आणि मुलांना बोलतं करणं हे बाईंचं काम. व्हरांड्याच्या टोकाला त्यांची अरुंद, लांबट खोली होती. एका भिंतीवर लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर आरसा, त्यासमोर दोन बुटक्या खुर्च्या, आणि खिडकीला पडदा नाही. पडदा बाईंनीच काढून टाकला होता. उजेड आपल्या तोंडावर पडलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

आवाज म्हणजे काय हेच ज्या मुलाला ठाऊक नाही, त्याला 'प' शिकवायचा तर बाई ओठांपुढे कागदाची पट्टी धरायच्या. 'प' म्हटलं की पट्टी उडायची आणि मूल ती आपल्या फुंकरीने उडवायला बघायचं. 'न'साठी मुलाचं बोट स्वतःच्या नाकपुडीवर ठेवायच्या. 'त' आणि 'द' मात्र चिवट. दोन्हींना जीभ एकाच जागी लागते, वरच्या दातांच्या मागे. फरक काय तो गळ्यात. म्हणून मुलाचा एक हात बाईंच्या गळ्यावर, दुसरा स्वतःच्या, आणि डोळे बाईंच्या दातांवर. बाईंचे मिस्टर गाड्यांना रंग मारायचे. ते म्हणायचे, "तुझ्या तोंडात दिवसाला जेवढी माणसं डोकावतात, तेवढी माझ्या गॅरेजात डोकावली तर मी दुसरी शेड घालीन."

मुलांमध्ये एक होती भिंगरी. सहा वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ. नाव तिचं वेगळं होतं, पण ते हजेरीपुरतं. कित्येक महिने बाईंसमोर बसून तिने 'दादा' म्हणायला जमवलं होतं. घरी जाऊन ती मोठ्या भावाला ऊठसूट 'दादा' म्हणायची आणि तो बिचारा प्रत्येक वेळी वळून बघायचा.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई आपल्या खोलीच्या दाराशी वाकल्या होत्या. एका मुलाच्या कानातल्या यंत्राचा बारकासा सेल खाली पडला होता, तो त्या शोधत होत्या. बाहेरून भिंगरी धावत आली. "थांब" म्हणून ओरडण्यात अर्थ नव्हता. तिने दोन्ही हातांनी दार ढकललं आणि दाराची लोखंडी मूठ बाईंच्या तोंडावर बसली.

वरचा समोरचा दात मुळाशी तुटला. बाकीचे शाबूत राहिले. भिंगरीने बाईंच्या तोंडातून येणारं रक्त पाहिलं आणि जी दातखीळ बसली, ती पुढे बरेच दिवस सुटली नाही.

दात काढावाच लागला. त्या जागी डॉक्टरांनी काढता-घालता येणारा दात दिला, टाळूला चिकटून बसणाऱ्या गुलाबी प्लेटवर बसवलेला. दिसायला झकास. बाई पुन्हा आरशासमोर बसू लागल्या. हळूहळू भिंगरीही येऊ लागली, पण बाईंच्या तोंडाकडे बघायची म्हणजे खाली मान घालून, चोरून.

महिन्याभराने भिंगरीची आई शाळेत आली. संकोचून म्हणाली, "बाई, रागावू नका. आमची छान 'दादा' म्हणत होती. आता 'डाडा' म्हणते. भाऊ हसतो, मग ती बोलतच नाही."

बाईंनी दुसऱ्या मुलांना तपासलं. आणखी तिघांच्या तोंडात 'दात'चा 'डाट' झाला होता. मुलं गेल्यावर त्या एकट्याच आरशासमोर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "द." तेव्हा दिसलं. प्लेट सैल होती. ती पडू नये म्हणून त्यांची जीभ नकळत वर, टाळूकडे आधाराला जात होती. ऐकणाऱ्याला फरक जेमतेम कळला असता. मुलं ऐकत नव्हती, बघत होती. त्यांनी जे बघितलं ते इमानाने उचललं होतं.

घरी येऊन बाईंनी जाहीर केलं, "मला पक्का दात बसवायचा आहे. हाडात बसवतात तो."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, कवळीला काय झालं? माझी बघ, रात्री ग्लासात झोपते, मी पलंगावर. एवढ्या वर्षांत आमचं एकदाही भांडण नाही."

"आई, तुम्हाला 'द' शिकवायचा नाहीये कोणाला."

"तेही खरंच," सासूबाई म्हणाल्या आणि कवळी नीट दाबून बसवली.

दातांच्या डॉक्टर वयाने बाईंपेक्षा लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी टेबलावर दोन चिमुकले स्क्रू ठेवले. एक आरशासारखा चकचकीत, दुसरा राखेच्या रंगाचा, निस्तेज.

"यातला कुठला बसवू?" त्यांनी हसत विचारलं.

बाईंनी चकचकीत स्क्रूवर बोट ठेवलं.

"सगळे तेच म्हणतात. हा जुन्या पद्धतीचा, माझ्या सरांच्या वेळचा. आता हात फिरवून बघा."

राखाडी स्क्रू बोटाला किंचित खरबरीत लागला. डॉक्टरांनी भिंग दिलं. भिंगातून तो खड्ड्याखड्ड्यांचा दिसत होता, उन्हाने तडकलेल्या जमिनीसारखा.

"मुद्दाम करतात असा. बारीक कणांचा मारा करतात, मग आम्लात बुडवतात. गुळगुळीत धातूशेजारी हाड येतं, पण सावकाश आणि थोडं हातचं राखून. असा खरबरीत असला की हाडाच्या पेशींना पाय रोवायला जागा मिळते. लवकर धरतं, घट्ट धरतं." मग त्या जरा गंभीर झाल्या. "एक लक्षात ठेवा. याला कीड लागत नाही म्हणून हा अमर आहे, असं नाही. भोवतीची हिरडी जपायची. रोज बारीक ब्रशने आतून साफ करायचं आणि सहा महिन्यांनी मला तोंड दाखवायचं."

बाईंनी मान डोलावली. नवी वस्तू घेताना आपण सगळेच डोलावतो तशी.

हे ऐकून मिस्टर म्हणाले, "बरोबर आहे. गुळगुळीत पत्र्यावर रंग ठरत नाही. आधी पॉलिश पेपर मारून पत्रा खरबरीत करावा लागतो, मग प्रायमर धरतो. तुझी डॉक्टर आमच्याच धंद्यातली निघाली."

स्क्रू बसला. हाड धरेपर्यंत काही महिने थांबायचं होतं आणि तोवर ती प्लेट सोसायची होती. पण 'त' आणि 'द'च्या तासाला बाई ती सरळ काढून रुमालात ठेवू लागल्या. एवढी वर्षं नीटनेटक्या राहणाऱ्या बाई पुढचा दात नसलेलं तोंड उघडून बसायच्या आणि त्या फटीतून जिभेचं टोक कसं स्वच्छ दिसायचं. भिंगरी पहिल्यांदा बावरली, मग हसली. मग तिने स्वतःच्या पडलेल्या दुधाच्या दाताची फट दाखवली. दोघी आरशात बघून किती वेळ 'दादा, दादा' करत बसल्या. पुढे स्क्रूवर पक्का दात बसला, तोवर 'डाडा' कुठल्या कुठे गेला होता.

यानंतरची आठ-नऊ वर्षं कशी गेली ते बाईंनाही सांगता आलं नसतं. मुलं आली, बोलायला लागली, मोठी होऊन दुसऱ्या वर्गांत गेली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं करता करता बाईंचे दिवस भरून जायचे. मग एके सकाळी सासूबाई शांतपणे गेल्या. कवळीचा ग्लास कितीतरी दिवस तसाच पलंगाशेजारी राहिला, कोणाच्या हातून उचलवेना. दातांच्या डॉक्टरांकडे बाई पहिली दोन-तीन वर्षं गेल्या. दात इतका उत्तम होता की पुढे जायचं राहून गेलं. बारीक ब्रश कपाटात कुठेतरी होता. दात घासताना कधी लाल दिसायचं, बाई चूळ भरायच्या आणि कानाडोळा करायच्या. दुखत तर काहीच नव्हतं.

शाळेत बाईंचा एक नियम होता: खोलीत हात मांडीवर. मुलांचे हात चालू लागले की त्या टेबलावर टिचकी मारायच्या आणि स्वतःच्या ओठांवर बोट टेकवायच्या. हातांनी भागलं तर मूल तोंड कशाला उघडेल, असं त्यांना शिकवलं गेलं होतं आणि त्यांनी ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. मुलं हातांनी बोलायची ती मैदानात, जिन्यात, बाकाखाली. ती भाषा बाईंना येत नव्हती.

एक दिवस पहिलीतली एक चिमुरडी 'त' शिकायला बसली होती. बाई वाकून तोंड उघडणार तोच ती मागे सरली. नाक मुरडून तिने हाताने काहीतरी खूण केली. पुन्हा जवळ घेतलं, पुन्हा तीच खूण. बाईंना काही कळेना.

मधल्या सुट्टीत त्यांनी भिंगरीला गाठलं. भिंगरी आता पंधरा वर्षांची होती, वरच्या वर्गात. नाव तेच राहिलं होतं, भिरभिरणं मात्र कमी झालं होतं. बाईंनी ती खूण जशीच्या तशी करून दाखवली. "याचा अर्थ काय गं?"

भिंगरी लाल झाली. मान हलवून निघून जायला लागली. बाईंनी हात धरला.

"सांग. मी रागावणार नाही."

भिंगरीने इकडेतिकडे पाहिलं. मग आपल्या जाड, जपून उच्चारलेल्या आवाजात म्हणाली, "वास. बाई, तोंडाला वास."

'स' अगदी स्वच्छ होता. बाईंनीच शिकवलेला. त्यांना हसावं की रडावं कळेना.

डॉक्टरांच्या केसांत आता पांढऱ्या बटा होत्या. त्यांनी बारीक सळई दाताच्या कडेने हिरडीत घातली आणि ती नको तेवढी खोल गेली. रक्त आलं, थोडा पूही आला. फोटो काढला. पडद्यावर स्क्रूच्या हिरडीकडच्या भागाभोवती एक काळी वाटी दिसत होती. तिथे पूर्वी हाड होतं.

"हाड सरकलंय," डॉक्टर म्हणाल्या. "बराचसा भाग अजून घट्ट आहे. पण हा एवढा उघडा पडलाय."

"म्हणजे?"

"खरबरीत भाग हाडात असतो तोवर ठीक. हिरडीच्या कडेला घाण साचत राहिली, सूज आली, हाड मागे हटलं, आणि तो भाग तोंडात उघडा पडला. आता त्या खड्ड्यांत जंतू बसतात. तुमचा ब्रश तिथे पोचत नाही."

बाई उठून बसल्या. "तुम्हीच म्हणालात, हाडाला पाय रोवायला जागा हवी. मग ही जागा जंतूंनाही होती, हे तुम्हाला माहीत होतं ना? गुळगुळीत बसवला असतात तर?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून त्या समोर बसल्या.

"माहीत होतं. म्हणून तर 'येत राहा' म्हणत होते. गुळगुळीत बसवला असता तर कदाचित साफ ठेवायला सोपा गेला असता. कदाचित हाडाने नीट धरलाच नसता आणि दुसऱ्या वर्षी हातात आला असता. हाडाला आवडेल आणि जंतूंना आवडणार नाही, असं काहीतरी बनवायला खूप लोक धडपडतायत. हाती येईल तेव्हा येईल. तोवर जे आहे ते सांभाळायचं, मी आणि तुम्ही मिळून. मीही तुम्हाला फोन करून बोलवायला हवं होतं."

बाईंचा राग ओसरला. कपाटातला तो ब्रश त्यांना आठवला होता.

"काढावा लागेल?"

"काढता येईल, पण तिथे आधीच हाड थोडं आहे. मला वाटतं वाचवून बघू. हिरडी उघडायची, सगळं खरवडून साफ करायचं, आणि उघडा पडलेला भाग घासून गुळगुळीत करायचा, म्हणजे पुढे घाण चिकटणार नाही. हिरडी थोडी वर जाईल. दात लांब दिसेल, कदाचित धातूची कडही दिसेल. आणि राहीलच अशी हमी मी देत नाही."

बाईंनी घरी विचारलं. मिस्टर म्हणाले, "लांब तर लांब. तुझं बोलणं तसंही लांबच असतं." मग जवळ येऊन, हळू आवाजात, "वाचवून बघूया."

शस्त्रक्रिया तासाभरात झाली. स्क्रूवरचा दात काढून ठेवला होता, हिरडीला टाके होते, ओठ सुजला होता. डॉक्टरांनी बजावलं: काही आठवडे ओठ ताणायचा नाही, फुंकर नाही, 'प' नाही, 'फ' नाही, 'स' नाही.

म्हणजे बाईंचं कामच बंद. मोठ्या बाई म्हणाल्या, "रजा घ्या." त्या शाळेच्या मुख्य, शिस्तीच्या पण मनाने मऊ. बाईंनी एक आठवडा रजा घेतली. सूप प्याल्या, दूध प्याल्या, भिंतीकडे बघत बसल्या. आठवड्यानंतर त्या तोंडाला मास्क लावून शाळेत हजर झाल्या आणि भिंगरीला आपल्या खोलीत बोलावलं. पाटीवर लिहिलं: 'मला तुमचे हात शिकव.'

भिंगरीने पाटी वाचली. बाईंकडे पाहिलं. ज्या खोलीत हात मांडीवर ठेवायचे, तिथे उभी राहून तिने आधी आपले हात पाठीमागेच धरले. बाईंनी ते हळूच पुढे ओढले आणि सोडले.

भिंगरी शिक्षिका म्हणून भलतीच कडक निघाली. बाईंचा अंगठा आत गेला की ती मान हलवायची, बोटं धरून सरळ करायची आणि पुन्हा करायला लावायची. 'पाणी' जमलं, 'आई' जमली, 'उद्या' आणि 'काल' यांत बाई इतक्या गोंधळल्या की एका मुलीला त्यांनी 'तुझा वाढदिवस उद्या झाला' असं सांगितलं. ती मुलगी पोट धरून हसली. भिंगरीने कपाळावर हात मारला. अगदी बाई मारायच्या तसाच.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी पहिलीतल्या मुलांना हातांनी गोष्ट सांगितली. एका मांजरीची, जिला सगळीकडे दार बंद मिळतं. मोडकीतोडकी सांगितली, अडलं तिथे भिंगरीकडे बघितलं. गोष्ट संपल्यावर मुलांनी एकदम हात वर केले, हातांनीच प्रश्न विचारले आणि भिंगरी ते पाटीवर लिहीत गेली. मांजरीला भूक लागली होती का? तिची आई कुठे होती? तिने खिडकी का नाही बघितली? बाई बघतच राहिल्या. याच मुलांना त्या गेलं वर्षभर 'मां-ज-र' म्हणायला शिकवत होत्या आणि मांजराबद्दल यांना काय वाटतं, हे त्यांना आज कळत होतं.

मोठ्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "यांची बोलायची सवय मोडणार नाही ना?" त्यांनी विचारलं. बाईंनी पाटीवर लिहिलं: 'ठाऊक नाही. पण थोडे महिने बघू द्या.'

टाके निघाले. सूज उतरली. दात पुन्हा बसला आणि खरंच, लांब दिसत होता. वर हिरडीपाशी करड्या धातूची बारीक रेघ दिसायची. शेजारी छोटी फट राहिली होती, तिथून 'स' म्हणताना शिट्टी वाजायची. बाई आरशासमोर बसल्या आणि स्वतःलाच 'स' शिकवू लागल्या. जीभ थोडी मागे, हवा थोडी कमी. पहिलीतली चिमुरडी शेजारच्या खुर्चीत बसून बघायची, तळहात बाईंच्या तोंडापुढे धरायची आणि हवा जास्त आली की हातानेच सांगायची: कमी. बाईंना ती खूण आता येत होती. मग चिमुरडीने स्वतः करून दाखवलं. तिचा 'स' त्या दिवशी पहिल्यांदा आला. बाईंच्या आधी.

बारीक ब्रश आता घरच्या आरशाच्या कडेला उभा असायचा. रोज सकाळ-संध्याकाळ बाई ओठ वर करून, डोळ्यांत तेल घालून तो दाताच्या कडेने फिरवायच्या. मिस्टर दाढी करायला थांबून राहायचे. "झालं का गं? का आज डबल कोट आहे?" असं विचारायचे, आणि बाईंनी कंटाळा केलाच तर स्वतःच ब्रश त्यांच्या हातात आणून द्यायचे.

दर तीन महिन्यांनी डॉक्टर. पहिल्या खेपेला थोडं रक्त आलं. दुसऱ्यांदा कमी. वर्ष होऊन गेल्यावर एकदा डॉक्टरांनी सळई चारी बाजूंनी फिरवली, पुन्हा फिरवली आणि फोटो पडद्यावर लावला. जुना एका बाजूला, नवा दुसऱ्या.

"हाडाची रेघ जिथल्या तिथे आहे," त्या म्हणाल्या. "रक्ताचा थेंब नाही. हा काही ताप नाही, एकदा उतरला की गेला म्हणायला; नजर ठेवावीच लागेल. पण आज मी खूश आहे."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुर्चीतून उतरत होत्या तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "एक काम कराल? बाहेर एक बसचालक बसलेत. त्यांना मागच्याच महिन्यात असा स्क्रू बसवलाय. पुढे काय काळजी घ्यायची ते मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मला ते डोलावणं पटलं नाही."

बाहेरच्या खोलीत जाड मिशांचा एक माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"नवा आहे का?"

"हो. एकदम पक्का बसलाय म्हणतात. आता चिंता नाही."

बाईंनी वरचा ओठ बोटाने उचलून त्याला लांब दात आणि करडी रेघ दाखवली. तो मागे सरकला, मग कुतूहलाने पुढे वाकून नीट बघू लागला. आपल्या तोंडात एवढ्या जवळून डोकावणारा माणूस बाईंना नवा नव्हता. त्यांनी पर्समधून ब्रश काढला आणि उजेड तोंडावर पडावा म्हणून खुर्ची खिडकीकडे वळवली.

"मी कसा फिरवते ते बघा," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही करून दाखवा."